पाचवीचं गाणं

अमेरिकेतल्या नॅशव्हिलच्या रेकॉर्ड कंपनीने 'कंट्री' ढंगाची लोकगीतं गाणाऱ्या म्हाताऱ्या ड्वेनच्या पन्नास वर्षांतल्या गाजलेल्या गाण्यांचा अल्बम काढायचं ठरवलं. रीतीप्रमाणे त्यात एक नवं गाणं हवंच होतं. आजवरची सगळी गाणी त्याला बायको सोडून गेल्यावर सुचलेली, अशा चार गेल्या. पाचवी व्हर्ना मात्र अकरा वर्षं सुखाने नांदत होती आणि कागद कोराच होता.

"माझ्या घोरण्याचा कंटाळा नाही येत तुला?" त्याने आशेने विचारलं.

"सवय झाली रे."

"आणि मी लग्नाचा वाढदिवस विसरतो, त्याचा?"

व्हर्नाने कोऱ्या कागदाकडे पाहिलं. आत जाऊन तिने सुटकेस भरली आणि दारात आणून ठेवली. ड्वेनने आनंदाने पेन उचललं.

"पेन दे इकडे," ती म्हणाली. "बॅग तुझी आहे. गाणं मी लिहिते."