नळाजवळचे कडुलिंब

नळाजवळ चाळीस कडुलिंब लावायचा ठराव ग्रामसभेत एकमताने मंजूर झाला. पण झालाच नाही असं समजा, कारण ऑनलाइन सदस्यांची मतं घ्यायला ग्रामसेवक विसरला होता.

सभामंडपात तेरा जिवंत माणसं घाम पुसत होती. पडद्यावर ऑनलाइन सदस्य, म्हणजे गावातले दोनशे मयत, टवटवीत बसले होते. मेलेल्याचा आवाज नि स्वभाव यंत्रात भरला की त्याचं मत कायम राही.

अनसूयाचा नवराही त्यांच्यातच होता. गेल्या वैशाखात तो नळाच्या रांगेतच उन्हानं गेला होता.

“अहो, तुम्ही तरी हात वर करा. आता त्या रांगेत मी असते.”

“अगं, मला कुठे आता ऊन लागतंय? झाडांना पाणी घातलं तर आमची यंत्रं थंड कशी राहायची?”

ठराव पडला. अनसूयानं तिथंच अर्ज लिहिला: ‘पुढील सभेस सर्व ऑनलाइन सदस्यांनी दुपारी बारा वाजता नळाजवळ अनवाणी उपस्थित राहावे, ही नम्र विनंती.’