पोटुशीचा हंडा

सगळं गपगार झालं. लॅपटॉपच्या पडद्यावरचा बाण हलेना, की कोपऱ्यातलं घड्याळ सरेना. सातव्या महिन्याचं पोट सावरत राजनंदिनी मागं टेकली.

"मीच चुकले, आत्या. सगळी मेमरी आतल्यालाच देऊन बसले. बाहेरच्याला श्वास घ्यायला काही ठेवलंच नाही."

तिची सासू आशाबाई गारखेड्यातल्या त्या भाड्याच्या खोलीत दारापाशी हंडे मांडून बसली होती. कान टँकरकडं, डोळे सुनेकडं. चितेगावच्या कंपनीचे जुने नकाशे जुन्याच विंडोजवर उघडत, म्हणून सून लॅपटॉपच्या आत दुसरा कॉम्प्युटर बसवत होती. संध्याकाळपर्यंत नकाशा उघडला, तर बाळंतपणानंतरही घरबसल्या काम. नाहीतर तिच्या खुर्चीवर दुसरं कुणी. एवढं आशाबाईला कळलं होतं. यंत्राच्या आत यंत्र मावतं कसं, ते मात्र काही केल्या कळत नव्हतं.

"समदं आतल्याला?" ती हसली. "पहिलटकरीण गं बाई! समद्या अशाच करत्यात."

मग तिची नजर सुनेच्या उशाशी झाकलेल्या हंड्यावर गेली. टँकर सुरू झाल्यापासून गल्लीचा रिवाजच होता: पोटुशीच्या घराला एक हंडा जादा, आणि तो रांजणात ओतायचा नाही, तिचा तिनंच प्यायचा. हंडा काठोकाठ तसाच होता.

"अन् तू? सकाळधरनं घोटभर तरी पिलीस का?"

"म्हटलं, धुण्याला होईल…"

"पी आधी."

राजनंदिनी तांब्याभर पाणी प्यायली. लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला. या खेपेला आतल्याला बेतानं दिलं, बाहेरच्याला पुरेसं ठेवलं.

पट्टी मुंगीच्या पायानं सरकत राहिली. आणि एकाएकी पडद्याच्या मधोमध एक चौकट उजळली. हिरवी टेकडी, वर निळं आभाळ. यंदा साऱ्या मुलखात नव्हतं एवढं हिरवं. घड्याळ तिचं वेगळं, कचऱ्याची टोपलीसुद्धा वेगळी.

आशाबाई सरकत सरकत जवळ आली. "आभाळाच्या पोटी चांद, चांदाच्या पोटी ससा," ती पुटपुटली. मग हळूच, कुणी जागं होऊ नये अशा बेतानं, तिनं विचारलं, "तिला ठावं हाय का गं, आपण कुणाच्या पोटात हाय ते?"

"नाही, आत्या. तिला वाटतं, सगळं जग एवढंच."

राजनंदिनीनं नकाशावर बोट दाबलं. रेघेला रेघ जोडत तो उघडला. तिचा हात तोंडावर गेला, तो तिथंच राहिला.

बाहेर टँकरचा भोंगा वाजला.

आशाबाईनं हंडे भरून घेतले, पोटुशीचाही घेतला, आणि आणखी एक नळीखाली सरकवला. टँकरवाला कचरू थबकला. "मावशी, हा कुणाचा? पोटुशी तर एकच हाय तुमच्यात."

"दोघी हायत, बाबा," आशाबाई म्हणाली. "एकीच्या पोटातलीनं तर आत्ताच डोळं उघडलं."