हुस्नबानोची बाजू

तळ्यातल्या काचेच्या कमळापर्यंत येईस्तोवर लताबाईंच्या दोन-तीन थापा मारून झाल्या होत्या.

"असंच एक कमळ माझ्या शिंकेनं तडकलं होतं. एकलहऱ्यापर्यंत आवाज गेला."

"आणि तिथल्या वीजकेंद्राची चिमणी वाकडी झाली," वेदिकानं पुरं केलं. सहावीतल्या नातीला आजीच्या गोष्टींची शेपटं पाठ होती.

डोंगरापायथ्याच्या त्या बागेत काचेचं प्रदर्शन लागलं होतं. बांबूखाली काचेची अळंबी, कुंडीत काचेचं निवडुंग. दोघी हसत चालल्या होत्या. करंजाच्या झाडाशी मात्र लताबाई थांबल्या.

फांदीवरून एक साखळी लोंबत होती. लाल, हिरवी, पिवळी. काचेची कडी कडीत अडकवलेली. वारा आला की किणकिणायची.

"हे आम्ही करायचो. फुटक्या बांगड्यांचं. मेणबत्तीवर तुकडा धरायचा, मऊ झाला की वाकवायचा. मी आणि हुस्नबानो."

"केवढी लांब? त्र्यंबकपर्यंत?"

"दारापुरती गं. तोरण."

वेदिका वाट बघत राहिली. "एवढंच? आज रंगत नाहीये, आजी."

"खरं आहे हे."

"हुस्नबानो म्हणजे तीच ना, जिच्या बकरीनं नोटांच्या प्रेसचा भोंगा गिळला? ती बें करायची आणि लोक डबे घेऊन ड्युटीवर पळायचे?"

"बकरी मी पदरची घातली. हुस्नबानो होती. नाशिक रोडला आमच्या क्वार्टरमागे राहायची. तिचे अब्बा घरोघर बांगड्या भरायचे. फुटतील त्या आम्हा दोघींच्या."

"आजी, मी काय लहान आहे? हुस्नबानोपण तूच बनवलेली. चालेल की. मला आवडते ती."

विसरायला नको म्हणून तर लताबाईंनी मैत्रिणीला प्रत्येक गोष्टीत घेतलं होतं.

त्या दगडी बाकावर बसल्या. मनगट हलकेच बाकाच्या कडेवर आपटलं. कट्.

सिक्युरिटीवाला शिट्टी फुंकत धावला. "ओ आजी! काय फोडलं?"

"माझीच बांगडी. लायटर काढ."

"मी नाही पीत हो..."

"वास येतोय. काढ."

त्यानं इकडंतिकडं बघितलं आणि लायटर काढला.

लताबाईंनी अंबाड्यातल्या पिना उपसल्या. एका पिनेत हिरवा तुकडा धरला. वेदिका लायटर पेटवून उभी. बराच वेळ काहीच होईना. मग काच मधोमध लाल झाली आणि हळूच वाकली. लताबाईंनी दुसऱ्या पिनेनं टोकाला टोक भिडवलं. कडी झाली. वेडीवाकडी, पण कडी.

"अगं, काच वाकली!" वेदिका ओरडली.

"आई गं!" लताबाईंनी भाजलेलं बोट झटकन कानाच्या पाळीला लावलं.

"कानाला का?"

"पाळी गार असते. हुस्नबानो लबाड. तिचं बोट भाजलं की माझ्या कानाला लावायची. म्हणायची, माझा कान गरम होतो."

वेदिका हसली नाही. कडीकडं बघत राहिली. मग तिनं बाकावरचा दुसरा तुकडा उचलला.

"कुठल्या कानाला?"

"डाव्या."

वेदिका बाकाला वळसा घालून आली आणि आजीच्या डाव्या बाजूला बसली. लताबाईंनी डाव्या कानावरचे केस मागे सारले.