एक्केचाळीस नंबरचा शर्ट

बायकोने घरातले सगळे मोजे एकदम भिजत घातले आणि नेमकी तेव्हाच दाराची बेल वाजली.

"आता काय करू?" तो कुरकुरला.

"अनवाणी दार उघडलं तर पाय झिजतात का? भर उन्हाळ्यात मोजे घालून हिंडणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही!"

दारात एक म्हातारी उभी होती. तीन जिने चढून तिला धाप लागली होती. हातातली कापडी पिशवी तिने पोटाशी धरली होती.

"शाळेतून पत्ता मिळाला," ती म्हणाली. "मी एक्केचाळीसची बहीण."

तो दारातून बाजूला झाला. "या, बसा," एवढंच कसंबसं तोंडातून निघालं.

त्याच्या निवासी शाळेला शंभर वर्षं होत होती. त्यानिमित्त दिवंगत विद्यार्थ्यांच्या आठवणींचं पुस्तक निघालं होतं. शेजारच्या खाटेवर जो झोपायचा त्यानेच लिहायचं, ही तिथली जुनी रीत. वसतिगृहात प्रत्येकाला नंबर असे. खाटेवर तोच, ताटावर तोच, आणि शर्टाच्या कॉलरला आतून लाल दोऱ्याने शिवलेलाही तोच. एक्केचाळीस आणि बेचाळीस या शेजारशेजारच्या खाटा. बेचाळीस अनाथ, पण शाळेत पहिला यायचा, एक्केचाळीस कसाबसा काठावर पास व्हायचा. दोघांची दोस्ती मात्र जिवाभावाची.

शाळा कायमची सुटली त्या दिवशी दोघं मिळून नदी ओलांडत होते. नाव उलटली. एक जण बाहेर आला. दुसरा चौथ्या दिवशी सापडला. चेहरा ओळखण्यापलीकडे गेला होता, पण कॉलरवर एक्केचाळीस होतं. प्रश्न मिटला.

जो वाचला तो थेट दूरच्या शहरात, बेचाळीसला आधीच लागलेल्या नोकरीवर हजर झाला. बावन्न वर्षांत शाळेच्या एकाही मेळाव्याला फिरकला नाही. पुस्तकासाठी शाळेचं पत्र आलं तेव्हा त्याने ते तीन आठवडे उशीखाली दडवलं, आणि मग एका दुपारी ढसाढसा रडत पानभर लिहून टाकलं.

"तुम्ही लिहिलेलं नातवाने वाचून दाखवलं," म्हातारी म्हणाली. "फार मायेनं लिहिलंत हो. पण खरं सांगू? तो कोणी दुसराच वाटला मला. शीळ घालायचा म्हणे! आमच्या चिमण्याला कुठली आलीय शीळ? नुसती हवा निघायची."

"शाळेत शिकला तो."

"आणि गणितं सोडवून द्यायचा सगळ्यांना?"

"शेवटी शेवटी... जमायला लागली होती."

बायको पाणी घेऊन आली. "गणिताचं आमच्याकडे बोलू नका," ती हसत म्हणाली. "शाळेत पहिले आलेले हे, पण नात वही घेऊन आली की शेपूट घालून पळतात!"

"तू चहा टाक ना," तो इतक्या जोरात म्हणाला की ती बघतच राहिली आणि आत गेली.

म्हातारीने पिशवीतून एक शर्ट काढला. विटलेला, पण नीट घडी घातलेला. कॉलर उलटून तिने नंबर दाखवला.

"हा मी शिवलाय. सहा वर्षांनी मोठी मी. तो शाळेत जायचा त्याच्या आदल्या दिवशी सगळे शर्ट घेऊन बसायची."

"आम्ही एकमेकांचे शर्ट सर्रास घालायचो," तो पुटपुटला. "धोबी वैतागायचा."

तिचं लक्ष नव्हतं. ती शर्टावरून हात फिरवत होती.

"मी एकाच गोष्टीसाठी आलेय. प्रेत घरी आणलं त्या दिवशी आईने त्याच्या पायांची बोटं पाहिली आणि म्हणाली, हा माझा नव्हे. सगळ्यांनी समजावलं, नंबर दाखवला. ऐकेचना. तेरा वर्षं दाराला कडी लावू दिली नाही तिने. पोर येईल म्हणायची. शेवटी आम्ही तिला वेडी ठरवलं. पाहुणे आले की आतल्या खोलीत कोंडायचो. मी कोंडायची, मी! जातानासुद्धा दाराकडेच बघत होती हो."

त्याने पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

"शेवटच्या क्षणी तुम्ही होतात त्याच्याजवळ. आता माझे किती दिवस राहिलेत? एकदा तुमच्या तोंडून ऐकू द्या. बुडाला तो तोच होता ना? आमचा चिमण्या?"

बोल, त्याने स्वतःला बजावलं. बावन्न वर्षं झाली, आता तरी बोल. नावेत धरलेला तो हात, पाण्यात सुटलेला तो हात पुन्हा बोटांत आल्यासारखा वाटला. स्वयंपाकघरात बायको कपबशा मांडत होती. भिंतीवर मुलांचे, नातीचे फोटो होते. सगळ्यांना एकच आडनाव.

"हो," तो म्हणाला. "तोच होता."

म्हातारीने डोळे मिटले. खांद्यावरचं ओझं उतरावं तशी ती खुर्चीत सैल झाली. त्याला स्वतःची किळस आली. इतकी, की तिथून उठून जावंसं वाटलं.

"देव तुमचं भलं करो." ती डोळे पुसायला लागली आणि चष्मा हातातून निसटून त्याच्या खुर्चीखाली गेला.

"राहू द्या, मी देतो..."

"बसा हो. लांबचं दिसत नाही मला, जवळचं दिसतं अजून."

ती गुडघ्यांवर हात टेकत वाकली. खाली गेलेली म्हातारी बराच वेळ वर आलीच नाही. चष्मा तर तिच्या हाताशीच पडला होता.

आतून बायकोने विचारलं, "साखर किती घालू?"

मग खालून, अगदी हळू आवाजात, म्हातारी म्हणाली, "आई वेडी नव्हती, चिमण्या."