कपाटावरचा हात

मधलं बोट पुन्हा लांबलं होतं. तिने पट्टी लावून पाहिलं. वाढ तांदळाच्या दाण्याएवढीच होती, पण होती. शिवाय टोकाशी ते बोट करंगळीच्या बाजूला किंचित कललं होतं. हे नवीन होतं.

लोखंडी कपाटाच्या दारावर गंजाचा एक हात उमटला होता. तो भिंगरीचा. तिची आणि नवऱ्याची एकुलती एक लेक. एका जागी पाय ठरायचा नाही, म्हणून भिंगरी. परीक्षा संपल्यावर कपाट पिवळं करायचं, हा हट्ट तिचाच. आईबाबांनी जुना रंग खरवडला, पॉलिश पेपरने घासून पत्रा चांदीसारखा लखलखीत केला, आणि भिंगरीने धावत येऊन त्यावर पंजा टेकवला.

"अगं, हात नको लावूस! घामाचे ठसे उठतात."

"मी कुठे घामट आहे? घामट बाबा आहे!"

त्याच रात्री तिला ताप भरला. आठवडा उलटायच्या आत ती गेली, घर रिकामं झालं. प्रायमरचा डबा उघडलाच गेला नाही.

ठसा नंतर उठला. घामात मीठ असतं, मीठ हवेतला ओलावा धरून ठेवतं, आणि ओलावा आला की गंज आलाच. रंगाच्या कारखान्यात ती हेच तपासायची. तरीही एका सकाळी पत्र्यावर तांबूस बोटं दिसली, तेव्हा ती त्या दिवशी कामावर गेली नाही.

"दार किती दिवस असं नागडं ठेवायचं?" सासूबाई म्हणाल्या. "एकदाचा रंग फासून टाका."

"कुणी ब्रश लावून तर बघा," नवरा ओरडला. बस चालवणारा तो माणूस रस्त्यावरसुद्धा कुणावर आवाज चढवत नसे. मग बायकोकडे वळून हळूच म्हणाला, "तू यातलीच आहेस. काहीतरी लाव, पण एवढा टिकव."

"बघते," ती म्हणाली होती. आणि कित्येक महिने नुसतं बघतच होती. गंजावर औषध लावलं तर हात काळा पडला असता. वर पारदर्शक व्हार्निश दिलं तरी मीठ आतल्या आत पत्रा खात राहिलं असतं. खरा उपाय एकच होता. तो तिच्या जिभेवर यायचा आणि ती तो गिळून टाकायची.

पण गंज पसरतो तो वेडावाकडा. कधी खाली ओघळतो, कधी बोटाबोटांमधली जागा भरून टाकतो. हा तसा पसरत नव्हता. बोटं बोटांसारखीच वाढत होती.

संध्याकाळी तो आला. हातपाय धुऊन तिच्या शेजारी उभा राहिला.

"बघ, वाढलाय ना?" त्याचा आवाज जवळजवळ आनंदी होता. "लेक बापाएवढी होत आली."

तिने त्याचा उजवा हात हातात घेतला. बसच्या दारात चेमटलेलं त्याचं मधलं बोट टोकाशी कललेलं होतं. पत्र्याला टेकू न देता तिने तो हात गंजासमोर धरला. माप तंतोतंत जुळलं.

"रोज ठेवतोस?"

"पहाटे. निघताना." तो चाचरला. "टाळी द्यायची ना ती मला. अलगदच ठेवतो गं."

"अलगद ठेवलास तरी घाम लागतोच रे. वाढलाय तो तुझा हात."

त्याने ठसा निरखून पाहिला. मग म्हणाला, "बोटं माझी असतील. अंगठा माझा नाही."

तिने पाहिलं. अंगठा लांब होता, बारीक, मुळाशी दबलेला. तिने आपला हात पाठीमागे नेला. कामावर हातमोज्यांशिवाय नमुन्याला बोट लावलेलं तिला खपत नसे. घरी मात्र तो कामावर गेला की ती कपाटापाशी यायची. एकदाच, असं म्हणायची. रोज म्हणायची.

"तूही?" त्याने विचारलं.

तिने होकारार्थी मान हलवली.

दोघं दारापुढे वाकले. त्यांच्या दोघांच्या हातांखाली, तळव्याच्या मधोमध कुठेतरी, एक इवलासा पंजा असायला हवा होता. तिने दिवा लावला. चष्मा पुसून पाहिलं. एका बाजूने पाहिलं, मग दुसऱ्या. सगळीकडे सारखाच तपकिरी, जाडसर थर होता. कुठेच कड उरली नव्हती.

"यात ती कुठे आहे गं?" त्याने विचारलं.

"ती नाहीये रे," ती म्हणाली. "उद्या दार घासून काढू."