लेप वाळेपर्यंत

"लेप वाळेपर्यंत बोलायचं नाही, हसायचं नाही. भेग पडली की धुऊन पुन्हा पहिल्यापासून," सुगंधाक्कांनी बजावलं. ताईबाईनं मान डोलावली.

शेजारच्या कमलबाईंची ही सतरा वर्षांची भाची महिनाभरासाठी फैजपूरहून देवपूरला आली होती. पुढच्या महिन्यात तिला बघायला पाहुणे येणार होते. कमलबाई तिला घेऊन आल्या तेव्हा अक्कांच्या थंड चुलीकडे बघत म्हणाल्या, "अक्का, हाई मनी भाची. उन्हमा तोंड रापी गे. काही लेप शिकाडा." मग जरा थांबून म्हणाल्या, "इले एक अक्षर येत नही."

अक्कांना लागलं ते हे शेवटचं वाक्य. तीस वर्षं त्यांनी मुलींना शिकवलं होतं. दोन वर्षांपूर्वी शाळा सुटली आणि घर मुकं झालं. एकटीसाठी कशाला, म्हणून संध्याकाळची भाकरी टाकणंही त्यांनी सोडलं होतं. आता ही पोर अंगठा उठवतच सासरी जाणार? हाताशी महिनाच होता.

त्यांनी सामानाची चिठ्ठी लिहून ताईबाईला रतिलालच्या दुकानी धाडलं. दुकान बंद निघालं. पोरीनं मसुराची डाळ एकीकडून, आंबेहळद दुसरीकडून, लिंबं माळणीकडून, असं सगळं बिनचूक आणलं. कुणीतरी चिठ्ठी वाचून दिली असेल, असं अक्कांना वाटलं.

डाळ सकाळी कच्च्या दुधात भिजवायची, दुपार कलली की पाट्यावर मऊ वाटायची. तिच्यात पिकलं केळं कुस्करायचं, चिमूटभर आंबेहळद, लिंबाचे दोन थेंब. तिसरा थेंब पडला तर आग होते. अक्कांनी हेही सांगून टाकलं की, रंग देवाघरचा. लेपानं फक्त तकाकी येते.

लेप लागला की ताईबाईचं तोंड बंद, डोळे मोकळे. अक्का पाटी पुढे ओढत. आधी मावशीचं नाव: क, म, ल. ताईबाई पेन्सिल मुसळासारखी मुठीत धरी. अक्का तिचं एकेक बोट सोडवून पुन्हा नीट बसवत. दहादा चुकलं तरी अकराव्यांदा तोच हात, तोच आवाज.

एकदा घाईत 'फैजपूर' लिहिताना अक्कांची एक मात्रा राहिली. ताईबाईच्या भुवया वर गेल्या आणि लेपाला कपाळभर भेग पडली. अक्कांनी काय झालं म्हणून विचारलं, तर तिनं नुसती मान हलवली. लेप पुन्हा लावावा लागला. मात्रा दुसऱ्या दिवशी अक्कांच्याच ध्यानात आली.

धडा संपला की पोर रोज म्हणे, "अक्का, भूक लागली." मग चूल पेटे. पण ती एकटी काही जेवायची नाही; अक्कांचं ताट मांडल्याशिवाय घास मोडत नसे. अक्का म्हणत, ही सासरी गेली तर घर खाऊन बसेल.

महिना सरला. निघायच्या दिवशी ताईबाईनं पाटीवर आपलं नाव लिहिलं, वाकडंतिकडं, पण पुरतं. अक्कांनी तिच्यावरून हात ओवाळून बोटं मोडली. डोळे मात्र पदरानं टिपावे लागले.

कमलबाई दारातून म्हणाल्या, "लेप पोरले लाया, नि उजळन्यात तुम्ही!"

पुढे महिन्याभरानं फैजपूरहून ताईबाईच्या वडिलांचं, जीवरामचं, कार्ड आलं. कमलबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांची पत्रं यजमान वाचत. ते जळगावला गेले होते. पोरीचं लग्न ठरलं असणार, अशा उतावळेपणानं त्या कार्ड घेऊन अक्कांकडे आल्या. अक्कांनी भाकरी तव्यावर टाकली, हात पुसले, चष्मा चढवला आणि मोठ्यानं वाचायला घेतलं.

"चि. कमलबाईस आशीर्वाद. इकडे सर्व खुशाल. गेल्या साली फायनलच्या परीक्षेत आपली ताई केंद्रात पहिली आली, त्याचं चीज झालं. तिला इथल्या शाळेत मास्तरीण म्हणून घेतलं आहे. लग्नाचं पुढच्या वर्षी पाहू. तुझ्या शेजारच्या त्या बाई आता दोन्ही वेळा जेवतात का, असं ती रोज विचारते."