मागचं दार

सीमेवरची चौकी उठून जमाना झाला. तिथेच आता नेवेन्का कॉफी आणि बुरेक, म्हणजे सारण भरलेले गरम पफ, विकते. तिचे म्हातारे वडील लुडविक पूर्वी त्याच चौकीवर शिपाई होते. आता त्यांना पोटची मुलगी ओळखू येत नाही, पण जुनी टोपी चढवून रस्त्यात उभं राहायचं मात्र ते विसरत नाहीत. "कागद दाखवा!" इटलीकडे निघालेले ड्रायव्हर हसत सुपरमार्केटचं कार्ड दाखवतात, म्हातारा सलाम ठोकून त्यांना सोडतो.

परवा एका ट्रकला मात्र ते सोडेनात. बंद दाराला कान लावून म्हणाले, "मागचं दार उघड. आत कुणीतरी ठोठावतंय."

"आत कापलेली डुकरं आहेत, आजोबा. ती कशाला ठोठावतील?" ड्रायव्हर म्हणाला.

नेवेन्का धावत आली. "माफ करा हं, बाबांचं डोकं ठिकाणावर नाही." दंडाला धरून तिने त्यांना बाजूला ओढलं, वर ड्रायव्हरला कॉफीही पाजली.

त्याच संध्याकाळी टीव्हीवर तोच ट्रक दिसला. मागचं दार उघडं होतं आणि पोलीस डोक्यापासून पायापर्यंत चादरीत गुंडाळलेली माणसं खाली उतरवत होते. काही गाठोडी एकट्या पोलिसाला उचलता येतील एवढी लहान होती.

आज सकाळी लुडविक आत शांतपणे बुरेक खात बसले होते. टोपी नेवेन्काच्या डोक्यावर होती. ती एका ट्रकला आडवी गेली आणि ओरडली, "मागचं दार उघड!"

ड्रायव्हर खळखळून हसला. "आता तुझी पाळी होय गं?" म्हणत त्याने खिडकीतून सुपरमार्केटचं कार्ड तिच्यापुढे धरलं.